कुणी पाहत नसताना

सोशल मीडियाच्या परिणामांची चर्चा बहुतेक वेळा मिनिटांवर येऊन थांबते. दिवसाला किती वेळ गेला, मुलांच्या हातात फोन किती वेळ असावा, झोपायच्या किती आधी तो बाजूला ठेवावा. मिनिटं मोजता येतात म्हणून ती मोजली जातात. त्यापुढे चर्चा गेलीच तर ती नैराश्य आणि चिंता यांवर येते, आणि तिथे संशोधकांमध्येच दोन तट आहेत. या चर्चा हव्यातच, पण मला त्या अपुऱ्या वाटतात. माणसाच्या आयुष्यातल्या काही गोष्टी कुणी पाहत नसतानाच नीट घडतात. दुःख पचवणं, पश्चात्ताप होणं, प्रार्थना करणं, कुणाला न कळू देता मदत करणं, स्वतःची चूक आधी स्वतःशी मान्य करणं. या सगळ्यांना आडोसा लागतो. सोशल मीडियाने तो आडोसाच काढून घेतला, आणि माझ्या मते त्याने केलेलं हे सर्वांत मोठं नुकसान आहे. रोजचा वापर तासाभराने कमी केला म्हणून ते भरून येत नाही.

आडोसा म्हणजे लपवाछपवी नव्हे. भांडण झाल्यावर माणूस तासभर एकटा राहिला की पहिली काही मिनिटं तो समोरच्याला मनातल्या मनात उत्तरं देत राहतो. मग हळूहळू स्वतःचं एखादं वाक्य त्याला खटकू लागतं. ‘हे मी उगाच बोललो’ असं आतून येतं. हे येण्यासाठी काही काळ बाहेरून काहीच न येणं गरजेचं असतं. जवळपास प्रत्येक अध्यात्मपरंपरेने या आतल्या बघणाऱ्याला मोठं स्थान दिलं आहे. आपल्याकडे त्याला साक्षी म्हणतात. मनात राग उठतोय, हाव उठतेय, हे स्वतःच स्वतःकडे जरा अंतरावरून पाहायचं. त्यात ना टाळी असते, ना शिक्षा.

सोशल मीडिया या साक्षीच्या जागी प्रेक्षक आणून बसवतो. सुरुवातीला ते बाहेर असतात. मग आपणच त्यांच्या नजरेने स्वतःकडे बघायला शिकतो, फोन खिशात असतानासुद्धा. मावळता सूर्य पाहताना, लहान मूल पहिलं पाऊल टाकताना, अगदी प्रार्थनेत डोळे मिटले असतानाही मनाचा एक कोपरा मांडणीत गुंतलेला असतो. अनुभव अजून पुरता आत उतरलेला नसतो आणि त्याखाली लिहायची ओळ मात्र तयार झालेली असते.

हे एका दिवसात घडलं नाही. फेसबुक २००४ मध्ये सुरू झालं तेव्हा दुसऱ्याचं काय चाललंय हे बघायला त्याच्या पानावर जावं लागायचं. २००६ मध्ये न्यूज फीड आलं आणि सगळ्यांचं सगळं आपल्यासमोर आपोआप वाहू लागलं. त्या वेळी अनेक वापरकर्ते चिडले होते, आपल्यावर पाळत ठेवल्यासारखं वाटतं म्हणून त्यांनी निषेध केला होता. आज ती चीड आठवतसुद्धा नाही, इतके आपण त्या नजरेला सरावलो. त्याच वर्षी अझा रास्किन या अभियंत्याने कधीच न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली. पुढे त्याने तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आणि २००९ मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं.

लाइकमुळे झालेला बदल मला सगळ्यांत खोल वाटतो. स्तुतीची हौस माणसाला पहिल्यापासूनच आहे. पण पूर्वी स्तुतीला आकडा नव्हता. कुणी ‘छान लिहिलंस’ म्हटलं तर ते एका माणसाने, एका प्रसंगी, एका सुरात म्हटलेलं असायचं. त्यात प्रेम किती, शिष्टाचार किती, हे ऐकणाऱ्याला कळायचं. आकड्यात हे काहीच उरत नाही. आकडा फक्त कमी किंवा जास्त असतो आणि कालच्या आकड्याशी, शेजारच्याच्या आकड्याशी त्याची लगेच तुलना होते.

शिवाय हा आकडा केव्हा वाढेल हे आपल्याला ठाऊक नसतं. बक्षीस अनियमितपणे मिळत असेल तर प्राणी कळ दाबण्याचं थांबवत नाही, उलट दीर्घकाळ दाबत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या मध्यातच दिसलं होतं. पोस्ट टाकल्यानंतरचा अर्धा तास कसा जातो ते आठवून पाहा. फोन पालथा ठेवायचा, पुन्हा उचलायचा, बोटाने पडदा खाली ओढायचा, ते छोटं चक्र फिरताना श्वास नकळत रोखून धरायचा. हाती काहीच लागलं नाही की पुन्हा पालथा. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं खाता येईल, हाच विचार ही साधनं घडवताना होता. माणसाच्या मनातल्या एका कमकुवत जागेचा आपण फायदा घेतोय, हे बनवणाऱ्यांना माहीत होतं आणि तरीही ते केलं गेलं, हेही त्यांनी सांगितलं.

ती कमकुवत जागा जुन्या लोकांना चांगली परिचयाची होती. बौद्ध परंपरेत आठ लोकधर्म सांगितले आहेत: लाभ आणि हानी, यश आणि अपयश, निंदा आणि प्रशंसा, सुख आणि दुःख. या आठ वाऱ्यांनी मन हलतं आणि साधनेचा मोठा भाग म्हणजे हे हलणं ओळखणं. निंदा आणि स्तुती सारखीच मानावी हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. सोपं ते कधीच नव्हतं. तरी पूर्वी निंदा-स्तुतीचे प्रसंग अधूनमधून यायचे आणि दोन प्रसंगांच्या मध्ये मनाला स्थिरावायला वेळ मिळायचा. आता ते दर दहा मिनिटांनी येतात आणि तेही आपणच बोलावलेले. रोज थोडं-थोडं साधत जायची जी गोष्ट, तिच्या नेमका उलटा सराव आपण दिवसभर करतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मनाची चुळबूळ सोशल मीडियाने जन्माला घातलेली नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासात राहणाऱ्या इव्हाग्रिअस या साधूने दुपारच्या वेळी साधकाला छळणाऱ्या एका बेचैनीचं फार बारीक वर्णन केलं आहे. सूर्य हलतच नाहीये असं वाटतं, साधक पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून बाहेर डोकावतो, आपली विचारपूस करणारं कुणी उरलं नाही असं त्याला वाटू लागतं. अलीकडचा पुरावा हवा असेल तर २०१४ मध्ये टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. लोकांना काहीही साधन न देता पंधरा मिनिटं एकटं बसवलं. जवळ फक्त एक बटण होतं, दाबलं तर स्वतःलाच विजेचा सौम्य झटका बसेल असं. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी ते दाबलं. नुसतं स्वतःबरोबर बसणं माणसाला इतकं जड जातं.

काही जण यावरून म्हणतात, मग सोशल मीडियाला दोष कशाला? मला यातून उलट गोष्ट दिसते. एकटं बसणं मुळात कठीण आहे म्हणूनच ते शिकावं लागतं, आणि शिकण्याच्या पहिल्या पायरीवरच जर प्रत्येक वेळी सुटकेचं दार उघडं मिळालं तर कुणीच दुसऱ्या पायरीवर जाणार नाही. इव्हाग्रिअसच्या साधकाला खिडकीतून बहुतेक वेळा रिकामं वाळवंट दिसायचं आणि नाइलाजाने तो परत आत वळायचा. आपल्या खिडकीत कायम कुणीतरी येतच असतं.

दुःखाच्या बाबतीत हे मी जवळून पाहिलं. माझ्या एका मैत्रिणीची आई दीर्घ आजारानंतर गेली. त्याच रात्री तिने आईचा फोटो टाकला. नातेवाईक दूरदूर विखुरलेले, प्रत्येकाला फोन करणं शक्य नव्हतं, त्यामुळे टाकण्यात गैर काहीच नव्हतं. फोटो निवडायला तिला वेळ लागला. शेवटच्या महिन्यांतले नको होते, त्यांत आई फार थकलेली दिसत होती. जुना एक चांगला होता, पण त्यात शेजारी आणखी माणसं होती. तो कापून घेतला, उजेड थोडा वाढवला, चार ओळी लिहिल्या, त्यातली एक खोडली. मग ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येऊ लागलं. कुणी स्वतःच्या शब्दांत लिहिलं, कुणी तयार चित्र चिकटवलं, कुणी नुसते जोडलेले हात पाठवले. ती पहाटेपर्यंत फोन बघत होती. पुढे काही महिन्यांनी ती मला म्हणाली, “त्या रात्री मी आईचा विचार फार कमी केला गं. कुणी कुणी लिहिलं नाही, त्यांचीच नावं डोक्यात फिरत होती.”

ही उथळ बाई नाही. आईचं सगळं तिनेच केलं होतं, रात्री जागल्या होत्या, अंग पुसलं होतं. ज्या रात्री तिला काहीही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं आणि रडू आलं तर रडायचं होतं, त्या रात्री तिच्या हातात हिशेबाचं काम आलं. कोण आलं, कोण नाही आलं, कुणी मनापासून, कुणी उपचार म्हणून. पूर्वीही लोक कोण भेटायला आलं नाही हे लक्षात ठेवायचे, पण ते पहिल्याच रात्री, अंधारात, यादी समोर धरून करायची सोय नव्हती. आई गेल्यानंतरची पहिली रात्र एकदाच मिळते.

आणि जे लिहितात त्यांचं काय होतं? एखाद्याच्या वडिलांच्या निधनाची पोस्ट येते. अंगठा सरकतो. खाली वाढदिवसाचा केक, त्याखाली कुठल्याशा युद्धात कोसळलेल्या घरातून बाहेर काढलेलं मूल, त्याखाली बुटांची जाहिरात, त्याखाली विनोद. हे सगळं मिनिटभरात. मनाला एका भावनेतून दुसरीत जायला वेळ लागतो, ती त्याची जडणघडण आहे. तो वेळ मिळत नाही तेव्हा मन एक तडजोड करतं: कुठल्याच भावनेत पुरतं जात नाही. जोडलेले हात पाठवायचे आणि पुढे. ‘लोकांच्या भावना मेल्या’ असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. भावना जाग्या होतात, दिवसातून शंभरदा होतात, पण त्यांना कृतीपर्यंत पोचण्याइतका अवधीच मिळत नाही. करुणेचं काम मुळात पुढच्याच्या दारापर्यंत जाण्यात असतं. इथे ती जागी होते आणि तिथेच खर्च होते.

मदतीचंही तसंच. गुप्तदानाला सगळ्या धर्मांनी मान दिला, कारण देणाऱ्याचा अहंकार आणि घेणाऱ्याची लाज अशा दोन्ही गोष्टी त्यात सांभाळल्या जातात. आता मदतीचा व्हिडिओ निघतो. घेणाऱ्याचा चेहरा त्यात स्पष्ट दिसतो, कारण तो रडवेला असेल तर व्हिडिओ जास्त चालतो. त्यातून पैसे उभे राहतात आणि खऱ्या गरजूला मिळतात हा युक्तिवाद मला माहीत आहे, काही वेळा तो खराही असतो. पण ज्याचा चेहरा लाखो लोकांनी बघितला त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं, आणि विचारलं तरी नाही म्हणायच्या परिस्थितीत तो नसतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

पश्चात्तापाचा प्रश्न याहून अवघड आहे. चूक कळणं आणि चूक मान्य करणं यांच्यामध्ये एक काळ जावा लागतो. त्या काळात माणूस आधी सबबी शोधतो, मग त्या सबबींचा त्यालाच वीट येतो, आणि मग कुठे माफी मागायची तयारी होते. सोशल मीडियावर कुणाचं एखादं चुकीचं वाक्य पसरलं की तासाभरात माफी मागितली जाते, कारण गर्दी दारात उभी असते. ती माफी गर्दीसाठी लिहिलेली असते आणि गर्दीला ते कळतं, म्हणून ती स्वीकारलीही जात नाही. मूळ वाक्याचा स्क्रीनशॉट कायम राहतो. दहा वर्षांपूर्वी कोवळ्या वयात लिहिलेलं काहीतरी काढून आजच्या माणसासमोर ठेवलं जातं. माणूस बदलू शकतो, यावर कुठल्याही अध्यात्माची सगळी भिस्त असते. हे माध्यम मात्र त्याला त्याच्या सर्वांत वाईट क्षणाशी बांधून ठेवतं. ज्याला ठाऊक आहे की चूक कबूल केली तर ती जन्मभर आपल्यावर फेकली जाणार, तो कबूल करायचंच टाळतो. मग स्वतःशीही टाळू लागतो.

गर्दी चिडते तीही बहुतेक वेळा खऱ्या कारणासाठी चिडते, हे खरं. अन्यायाविरुद्धचा राग ही चांगली गोष्ट आहे आणि या माध्यमांमुळे अनेक अन्याय उजेडात आले, अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना बोलायला जागा मिळाली. ते श्रेय द्यायलाच हवं. पण यंत्रणेला न्याय-अन्याय कळत नाही, तिला राग चालतो एवढंच कळतं. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ट्विटरवरच्या पाच लाखांहून अधिक संदेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वादग्रस्त राजकीय विषयांवरच्या संदेशात नैतिक भावना चेतवणारा एकेक शब्द वाढला की त्याचा प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढतो, असं त्यांना आढळलं. लिहिणारा हे नकळत शिकतो. मवाळ लिहिलं तर कुणी फिरकत नाही, ‘लाज वाटली पाहिजे’ लिहिलं की लोक जमतात. राग अशा रीतीने व्यसन होतो, आणि या व्यसनाला सात्त्विकतेचा वेश असल्यामुळे ते ओळखू येत नाही. दारू पिणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण दारू पितोय.

तुलनेबद्दल मी थोडक्यातच लिहिते, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. माणूस स्वतःची किंमत शेजारच्याशी तुलना करून ठरवतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं. इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या स्वतःच्या शरीराबद्दलच्या तक्रारी वाढतात, असं कंपनीच्याच अंतर्गत संशोधनात लिहिलेलं होतं, आणि २०२१ मध्ये इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून ते जगासमोर आलं. हे कंपनीला माहीत होतं आणि मुलींच्या आईवडिलांना नव्हतं, एवढं एकच वाक्य माझ्यासाठी पुरेसं आहे.

आता संशोधकांच्या वादाकडे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये मोठ्या सर्वेक्षणांची आकडेवारी तपासली. किशोरवयीनांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो त्याचा जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरीकडे २०२० मध्ये हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या २०१८च्या मध्यावधी निवडणुकीआधी सुमारे २,७०० जणांपैकी काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यांची दिवसाला सरासरी साठ मिनिटं वाचली, समाधान थोडं वाढलं, राजकीय कडवटपणा कमी झाला, बातम्यांची माहितीही कमी झाली. प्रयोग संपल्यावरही त्यांचा वापर आधीपेक्षा कमी राहिला.

दोन्ही अभ्यास मला प्रामाणिक वाटतात. परिणाम सरासरीने लहान असेलही. पण अशा पाहणीत प्रश्न काय विचारतात? तुम्ही किती समाधानी आहात, गेल्या आठवड्यात किती वेळा उदास वाटलं. माझ्या मैत्रिणीने त्या महिन्यात अशी प्रश्नावली भरली असती तर तिची उत्तरं आई गेलेल्या कुणाही बाईसारखीच आली असती. तिच्या दुःखाची पहिली रात्र कुठे गेली हे कुठल्या रकान्यात भरायचं? समाधान ही एक मोजपट्टी आहे. माणसाला स्वतःशी खरं बोलता येतं का, ही दुसरी आहे आणि ती सर्वेक्षणात बसत नाही. बसत नाही म्हणून ती क्षुल्लक ठरत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. ज्यांना एकांत आधीच नको इतका मिळालेला आहे त्यांचं काय? दुर्मीळ आजार झालेला माणूस, ज्याच्या आसपास तो आजार समजणारं कुणी नाही. ज्या मुलाला आपण समलिंगी आहोत हे घरी सांगण्याची सोय नाही. अंथरुणाला खिळलेली वृद्धा. २०२० मध्ये जगभर प्रार्थनास्थळं बंद झाली तेव्हा पडद्यावरच्या सामूहिक प्रार्थनेने असंख्य लोकांना धीर दिला. या माणसांना मी ‘आडोसा घ्या’ कुठल्या तोंडाने सांगणार?

पण या लोकांना आधार कशातून मिळतो ते बारकाईने पाहा. तो मिळतो लहानशा बंद ग्रुपमधून, जिथे माणसं एकमेकांना नावाने ओळखतात. मध्यरात्री आलेल्या एका उत्तरातून. ‘मलाही असंच झालं होतं’ या चार शब्दांतून. यातल्या एकाही गोष्टीला लाइकचा आकडा लागत नाही, न संपणारं स्क्रोल लागत नाही, अनोळखी लोकांचा राग निवडून समोर वाढणारी यंत्रणा लागत नाही. खरं तर त्या मुलाला आडोशाची गरज कुणाहीपेक्षा जास्त आहे. जोडलं जाणं आणि प्रदर्शनात उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपन्यांनी त्या एकाच गाठोड्यात बांधून आपल्याला विकल्या आणि आता एक हवी तर दुसरीही घ्या म्हणतात.

अध्यात्माच्या बाजूने बोलणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: मनावर ताबा ठेवा, फोन वाईट नाही, आपलं मन दुबळं आहे. हे बोलणं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. २०१२ च्या जानेवारीत फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या फीडमध्ये, त्यांना न सांगता, आठवडाभर फेरफार केला. काहींना आनंदी मजकूर कमी दाखवला, काहींना दुःखी कमी. मग ते स्वतः काय लिहितात ते पाहिलं. परिणाम अगदी लहान होता, पण ज्या भावनेचा मजकूर कमी दाखवला तीच त्यांच्या लिहिण्यातही कमी झाली. २०१४ मध्ये हे शोधनिबंधाच्या रूपात प्रसिद्ध झालं तेव्हा त्या लोकांना कळायचा मार्ग मिळाला. एका बाजूला लाखो माणसांच्या भावनांवर एका वेळी प्रयोग करू शकणारी संस्था आणि दुसऱ्या बाजूला दिवसभराच्या कामाने थकलेला एकटा माणूस. हरला तो की दोष त्याच्या मनोबलाचा, हे सांगणारं अध्यात्म दुबळ्याच्या बाजूचं नाही. व्रत माणसाने घ्यावं, जरूर घ्यावं. पण ज्याने घराभोवती चोवीस तास वाजंत्री लावली आहे त्याला ती थांबवायला सांगणं, हेही धर्माचंच काम आहे.

सरकारं हलू लागली आहेत, मात्र त्यांची नजर जवळजवळ पूर्णपणे मुलांवर आहे. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खाती ठेवायला मनाई केली, आणि तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. कंपनीने पाळला नाही तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. मुलांना वेळ मिळावा यासाठी मी या कायद्याच्या बाजूने आहे. पण सोळावा वाढदिवस झाला की त्याच यंत्रणेत, तिच्यात एकही बदल न करता, मुलाला सोडून द्यायचं का? आई गेलेल्या माझ्या मैत्रिणीने पन्नाशी ओलांडली आहे.

मागणी यंत्रणेच्या मांडणीबद्दल हवी. लाइकचे आकडे लपवता येतात हे कंपन्यांनीच दाखवून दिलं आहे. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये काही देशांत तसा प्रयोग केला आणि २०२१ मध्ये हवं त्याने आकडे लपवावेत अशी मुभा सगळ्यांना दिली. म्हणजे तांत्रिक अडचण काहीच नव्हती. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना, आपल्या सवयींचा माग न काढता दाखवलेलं फीड निवडण्याची सोय द्यावी लागते. दोन्हीकडे उणीव एकच आहे. निवड आपल्यावर टाकली आहे आणि ती सेटिंगच्या आत, कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आहे. बहुतेक माणसं आलेल्या मांडणीला हात लावत नाहीत. त्यामुळे उलट व्हायला हवं. खातं उघडताना आकडे बंद असावेत, फीड ओळखीच्या माणसांपुरतं असावं आणि ते वाचून झालं की संपावं. ज्याला गर्दी हवी त्याने सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी. निधनाच्या पोस्टखाली तर आकडा असूच नये, कुणासाठीही. व्यवसायाचं नुकसान होईल असं कंपन्या म्हणतील. होऊ दे. माणसाच्या बेचैनीवर उभा असलेला नफा घटला तर त्याला नुकसान म्हणायची माझी तयारी नाही.

यातलं बरंचसं कायद्यावर आणि कंपन्यांवर अवलंबून आहे आणि त्याला वर्षं लागतील. एक क्षेत्र मात्र असं आहे जिथे कुणाची वाट बघायची गरज नाही. ध्यानशिबिरं, आश्रम, मठ, चर्च, मशिदी, मंदिरं, गुरू आणि प्रवचनकार आज याच आकड्यांच्या मागे आहेत. प्रवचनाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे निघतात, खाली भडक मथळा असतो. समाधीत बसलेल्या माणसाभोवती तीन कॅमेरे फिरतात. फॉलोअरची संख्या आध्यात्मिक उंचीचा दाखला म्हणून सांगितली जाते. ज्यांनी लोकांना आडोसा द्यायचा त्यांनीच तो असा उघडा टाकला, तर सामान्य माणसाने आत वळायला कुठे जायचं? दूरच्या आणि आजारी लोकांसाठी प्रवचन पडद्यावर दाखवायला माझी हरकत नाही. पण प्रवचन संपून प्रार्थना सुरू झाली की कॅमेरा बंद करावा आणि आत येणाऱ्यांचे फोन दारात ठेवून घ्यावेत. यासाठी कुठल्या संसदेची परवानगी लागत नाही, आणि जी संस्था हे करायला कचरते तिला आपल्या लोकांना मनावर ताबा ठेवायला सांगण्याचा अधिकार मी मानत नाही.